फ्लॉप लागला नाही, आता बेट लावायची का?

पोकरचा डाव, हातात तुमची दोन पानं: एक्का-राणी. फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी पहिली तीन पानं उघडण्याच्या, आधी तुम्ही रेझ केलंत, म्हणजे बेट वाढवलीत, बाकीच्यांनी पानं टाकली, फक्त बिग ब्लाइंडवरच्या (डावाआधीच सक्तीची मोठी बेट भरणाऱ्या) खेळाडूने कॉल केला, म्हणजे तुमच्याइतक्याच चिप्स घातल्या. टेबलावर तीन पानं उघडली: राजा, सत्ती, दुर्री. एकही तुमच्या कामाचं नाही. समोरचा बोटाने टेबल ठोकून चेक करतो, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देतो, आणि सगळे तुमच्याकडे बघायला लागतात.

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या घरी दिवाळीपासून होळीपर्यंत दर शनिवारी रात्री पोकरचं टेबल बसतं. पत्त्यांचे दोन कॅट, प्लास्टिकच्या चिप्स, मधे गरम गराडूची ताटली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गुणांचा तक्ता. दर मोसमात दोन-तीन नवी माणसं येतात. मेंढीकोट, रमी, दिवाळीतली तीन पत्ती खेळून आलेली असतात, पानांची जाण चांगली असते, पण वर सांगितलेल्या जागी हमखास अडतात. काहींना वाटतं, आपल्याला काही लागलं नाही तर गप्प बसावं. काहींना कुणीतरी शिकवलेलं असतं की रेझ तुम्ही केलंत तर फ्लॉपवर बेट लावायचीच. दोन्ही सवयींनी चिप्स झरझर जातात. ह्या दोन सवयींच्या मधली वाट एकेक पायरीने सांगतो.

पैशांबद्दल आधीच बोलून घेऊ. आमच्या टेबलावर पैसा नसतो, आणि तुम्हीही तसंच खेळा. मध्य प्रदेशात १८६७चा सार्वजनिक जुगार कायदा लागू आहे, आणि २०२५ साली संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. टूर्नामेंटची गोडी चिप्स संपण्याच्या धास्तीत असते, आणि ती धास्ती गुणांच्या तक्त्यानेही पुरेपूर येते.

एक आकडा पाठ करा

जोडी नसलेली दोन पानं हातात असली, तर फ्लॉपवर त्यांतल्या एकाचीही जोडी न लागण्याची शक्यता ६७.६ टक्के असते. हिशोब घरी करून बघा. तुमची दोन पानं सोडून कॅटमध्ये ५० उरली. त्यांतली सहा तुमची जोडी लावणारी, म्हणजे ४४ बिनकामाची. ४४ × ४३ × ४२ ह्याला ५० × ४९ × ४८ ने भागा. एक्का-राजा असो की नव्वी-चव्वी, आकडा तोच. तीन वेळा फ्लॉप बघितलात तर साधारण दोनदा हात रिकामाच राहणार. ह्यात नशीब फुटल्यासारखं काही नाही, हा खेळच असा आहे.

आणि हाच आकडा समोरच्यालाही लागू आहे. त्याच्याही हातात बहुतेक वेळा काही नसतं. दोघांना काही लागलेलं नसताना जो विश्वासार्ह बेट लावतो, त्याच्याकडे पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, जातो. फ्लॉपआधी रेझ करणाऱ्याने फ्लॉपवर पुन्हा लावलेल्या ह्या बेटला कंटिन्युएशन बेट म्हणतात, बोलताना सी-बेट. म्हणून रिकामा हात घेऊन बेट लावण्यात लबाडी वाटून घेऊ नका. अशी बेट कुठे चालते आणि कुठे अंगाशी येते, एवढंच शिकायचं आहे.

पहिली पायरी: समोर किती जण आहेत ते मोजा

नवे खेळाडू हे मोजतच नाहीत. समजा तुमच्या बेटवर एक माणूस १०० पैकी ६० वेळा पानं टाकतो. समोर असे दोघं असले, तर दोघांनीही टाकण्याची शक्यता ०.६ × ०.६, म्हणजे ३६ टक्के. तिघं असले तर २२ टक्क्यांच्याही खाली. घरच्या टेबलावर तर चार-चार जण फ्लॉप बघायला थांबतात, कारण सगळ्यांना खेळायचं असतं. तिघं किंवा जास्त समोर असतील आणि तुमचा हात पूर्ण रिकामा असेल, तर चेक करा आणि पुढच्या डावाकडे लक्ष द्या. हा निर्णय एका सेकंदात व्हायला हवा. पुढच्या पायऱ्या मुख्यतः समोर एकच जण असतानाच्या आहेत.

दुसरी पायरी: बेटची किंमत काढा

ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी डावाआधी भरायच्या सक्तीच्या बेट, ५००-१,००० आहेत (लहान तो स्मॉल, मोठा तो बिग), बिग ब्लाइंडवरचा खेळाडू सगळ्यांच्या वतीने १,०००चा अँटी, म्हणजे डावाचा आणखी एक सक्तीचा भरणा, टाकतो, तुमच्याकडे ४०,००० चिप्स आहेत. तुम्ही २,२०० चं रेझ केलंत, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट झाला २,२०० + २,२०० + स्मॉल ब्लाइंडचे ५०० + अँटीचे १,००० = ५,९००.

आता साधारण एक-तृतीयांश पॉटची, म्हणजे २,०००ची बेट लावलीत. ती फुकट जाऊ नये यासाठी समोरच्याने किती वेळा पानं टाकायला हवीत? २,००० भागिले ७,९००, म्हणजे २५ टक्के. चारांत एकदा त्याने पानं टाकली की बेटने आपला खर्च भरून काढला. त्याहून जास्त वेळा टाकली की फायदा. अर्ध्या पॉटची बेट असेल तर तीनांत एकदा टाकायला हवीत, दोन-तृतीयांश पॉटला ४० टक्के, पूर्ण पॉटला निम्म्या वेळा. हे चार आकडे लक्षात ठेवा, बाकीचं गणित टेबलावर करावं लागत नाही.

ह्यावरून लहान बेट का बरी ते कळतं. घाबरवायचं असेल तर मोठी बेट हवी, असं मनाला वाटतं. पण ज्या समोरच्याला काहीच लागलेलं नाही, तो २,००० लाही पानं टाकतो आणि ५,००० लाही. ज्याला राजा लागलाय तो दोन्हीला टाकत नाही. मग जास्तीचे ३,००० कशासाठी?

आणि एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. त्याच तऱ्हेच्या फ्लॉपवर लागलेल्या हाताने आणि रिकाम्या हाताने एकाच मापाची बेट लावा. लागल्यावर मोठी आणि फसवताना लहान, किंवा उलट, अशी सवय असली की दोन शनिवारांत सगळं टेबल तुमचा हात वाचायला लागतं.

तिसरी पायरी: हा फ्लॉप कुणाचा आहे?

हा लेख खरं तर ह्या पायरीसाठीच लिहितोय. "मला काही लागलं का?" हा प्रश्न बाजूला ठेवून "ही तीन पानं कुणाच्या यादीला जास्त लागतात?" असं विचारायची सवय लागली, की अर्धं पोकर सुटतं.

यादी म्हणजे त्या माणसाकडे असू शकतील अशा सगळ्या हातांची यादी. पोकरच्या भाषेत रेंज. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे नवीन नाही. पहिल्या चार-पाच हातांत कोण कुठलं पान टाकतो, कुठला रंग तोडतो, ह्यावरून शेवटची मेंढी कुणाकडे आहे ते तुम्ही ताडताच. इथेही तेच, फक्त पुरावा पानांऐवजी बेटचा.

वरच्या डावात बिग ब्लाइंडने कॉल का केला ते बघा. त्याचे १,००० आधीच आत होते. त्याला फक्त १,२०० घालायचे होते आणि पॉट होणार होता ५,९००. म्हणजे २० टक्के भावात फ्लॉप बघायला मिळत होता. इतक्या स्वस्तात तो गुलाम-नव्वी, दश्शी-अठ्ठी, छक्की-पंजी, एक्का-चव्वी, लहान जोड्या, काहीबाही घेऊन येतो. पण त्याच्याकडे एक्क्यांची जोडी, राजांची जोडी किंवा एक्का-राजा असता, तर त्याने बहुधा फ्लॉपआधीच पुन्हा रेझ केलं असतं. म्हणजे सगळ्यात मोठे हात त्याच्या यादीतून वजा झाले. तुमच्या यादीत मात्र ते सगळे शाबूत आहेत, कारण तुम्ही रेझ करून आत आलात.

आता राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची, असा फ्लॉप पाहा. चांगल्या जोडीदारासकटचे राजे तुमच्याकडे जास्त. त्याच्या गुलाम-नव्वीला, छक्की-पंजीला इथे काही नाही. सरळ क्रमाचा (सलग पाच पानं) किंवा फ्लशचा (एकाच रंगाची पाच पानं) ड्रॉही, म्हणजे एका पानाने अडलेला हातही, नाही, त्यामुळे "एक पान बघूया" म्हणून थांबायला कारण नाही. हा फ्लॉप तुमचा. एक्का-राणी रिकामी असली तरी २,००० लावा. चारांत एकदाच पानं टाकायला हवीत, आणि इथे तो त्याहून बऱ्याच जास्त वेळा टाकतो.

तीच एक्का-राणी, पण इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी, आणि फ्लॉप आला बदामची नव्वी, बदामची अठ्ठी, किलवरची छक्की. आता त्याच्या यादीतून फिरून या. दश्शी-सत्तीचा क्रम पूर्ण झाला, सत्ती-पंजीचाही. नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-छक्कीच्या दोन जोड्या लागल्या. एखादी सत्ती असलेला कुठलाही हात क्रमाच्या ड्रॉवर आहे. दोन बदाम असलेला प्रत्येक हात फ्लशची वाट बघतोय. इथे बेट लावलीत तर कॉल येतो, कधी चेक-रेझही (आधी चेक, मग तुमच्या बेटवर रेझ) येतो, आणि तुमच्याकडे साधं बदामाचं एक पानही नाही. चेक करा. त्याने टर्नवर, म्हणजे चौथं पान उघडल्यावर, बेट लावली तर हात सोडा. हात तोच, समोरचा माणूस तोच, आणि उत्तर उलटं.

आमच्या शेजारच्या काकूंना हे सगळ्यात पटकन कळलं. त्यांनी फ्लॉप उघडल्यावर स्वतःची पानं बघायचीच बंद केलं. आधी टेबलावरच्या तीन पानांकडे बघतात, मग समोरच्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे. हा क्रम तुम्हीही धरा.

बाकीचे फ्लॉप थोडक्यात. एक्का असलेला आणि खाली दोन विस्कळीत लहान पानं असलेला फ्लॉप तुमचा, लहान बेट लावा. राजा-राजा-चव्वी किंवा सत्ती-सत्ती-तिर्री असा जोडीचा फ्लॉप सहसा कुणालाच लागत नाही, तिथेही लहान बेट चालते. तिन्ही पानं एकाच रंगाची असतील आणि त्या रंगाचं मोठं पान तुमच्याकडे नसेल तर बहुतेक वेळा चेक. गुलाम-दश्शी-अठ्ठीसारखे मधले, एकमेकांना चिकटलेले फ्लॉप दोघांनाही लागतात, पण पुढे जाऊन त्रास रिकाम्या हातालाच होतो.

हल्ली सॉल्व्हर नावाची सॉफ्टवेअर हे हिशोब पानापानाने करून दाखवतात. उंच आणि कोरड्या (ड्रॉ नसलेल्या) फ्लॉपवर बिग ब्लाइंडसमोर लहान बेट वारंवार लावावी, हे त्यांतूनही निघतं. नवीन असताना त्या तक्त्यांत शिरू नका. फ्लॉप कोरडा की ओला, उंच की मधला, एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ.

चौथी पायरी: हात खरंच पूर्ण रिकामा आहे का?

"लागलं नाही" ह्यात बरेच प्रकार येतात. बदामचा गुलाम आणि बदामची दश्शी हातात, फ्लॉप किलवरची राणी, बदामची चव्वी, इस्पिकची दुर्री. जोडी नाही, ड्रॉ नाही. पण टर्नला काय येऊ शकतं ते मोजा. न दिसलेली ४७ पानं. त्यांत १० बदाम आहेत, आलं की फ्लशचा ड्रॉ. बदाम सोडून तीन राजे आणि तीन नव्व्या, आल्या की दोन्ही बाजूंनी उघडा क्रम. म्हणजे ४७ पैकी १६ पानांवर तुमच्याकडे दुसरी बेट लावायला सबळ कारण तयार होतं. गुलाम किंवा दश्शीची जोडी लागली तर ती वेगळीच.

असा हात बेटसाठी उत्तम. कॉल आला तरी गोष्ट संपत नाही. उलट इस्पिकची नव्वी आणि चौकटची तिर्री घेऊन त्याच फ्लॉपवर बेट लावलीत आणि कॉल आला, तर टर्नला काय करणार? काहीच नाही. बेट लावायला दोन हात सारखेच योग्य वाटत असतील, तर ज्याला पुढे वाढायला जागा आहे तो निवडा.

काही आकडे हाताशी असू द्या. फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानापर्यंत, दोन्ही पानं बघायला मिळाली तर फ्लशचा ड्रॉ ३५ टक्के वेळा पूर्ण होतो, दोन्ही बाजूंनी उघडा क्रम ३१.५ टक्के, मधलं एकच पान हवं असलेला क्रम १६.५ टक्के. फ्लॉपपेक्षा उंच दोन पानं असतील तर त्यांतल्या एकाची तरी जोडी लागायची शक्यता २४ टक्के. हे दोन पानांचे आकडे आहेत. फक्त टर्नचं एकच पान बघायचं असेल तर साधारण निम्मे धरा.

एक हात मात्र नवे लोक उगाच जाळतात. एक्का उंच असलेला हात, जसं एक्का-दश्शी सत्ती-सत्ती-तिर्रीवर, जोडी नसली तरी बऱ्याचदा शेवटी जिंकतो. कधी कधी चेक करून स्वस्तात शेवटाला पोचणं जास्त फायद्याचं असतं, विशेषतः समोरचा प्रत्येक लहान बेटला कॉल करणारा असेल तेव्हा.

पाचवी पायरी: आधी कोण बोलतो?

वरची सगळी उदाहरणं तुम्ही नंतर बोलता अशी होती. समोरच्याने चेक केलेला तुम्हाला दिसतो, आणि तुम्हीही चेक केलंत तर टर्न फुकटात मिळतो. उलट तुम्ही सुरुवातीच्या जागेवरून रेझ केलंत आणि बटणावरच्याने, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्याने, कॉल केला, तर प्रत्येक वेळी आधी तुम्हालाच बोलावं लागतं. शिवाय बटणावरच्याला ब्लाइंडसारखी सवलत नव्हती, पूर्ण किंमत देऊन तो आत आलाय. त्याची यादी लहान आणि भक्कम असते: मधल्या जोड्या, एकाच रंगाची उंच पानं. त्याच्यासमोर रिकाम्या हाताने बेट कमी लावा, आणि लावलीत तर एक्का किंवा राजा असलेल्या कोरड्या फ्लॉपवर लावा.

सहावी पायरी: बेटच्या आधी ऑल-इनचं उत्तर ठरवा

टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड वाढत जातात आणि ४० ब्लाइंडचा स्टॅक (बिग ब्लाइंडच्या ४० पट चिप्स) कधी १५ वर आला ते कळतही नाही. तिथे हाच खेळ वेगळा होतो.

ब्लाइंड तेच, पण आता अँटी टाकल्यावर दोघांकडेही १५,००० आहेत. तुम्ही २,००० रेझ केलंत, बिग ब्लाइंडने कॉल केला, पॉट ५,५००, हातात १३,०००. तुम्ही २,००० ची बेट लावलीत आणि तो ऑल-इन गेला, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स घातल्या. पॉट झाला ५,५०० + २,००० + १३,००० = २०,५००. तुम्हाला आणखी ११,००० घालायचे आहेत. ११,००० भागिले ३१,५००, म्हणजे जवळजवळ ३५ टक्के जिंकायची शक्यता हवी.

हा आकडा चौथ्या पायरीतल्या आकड्यांशी ताडून पाहा. नुसती दोन उंच पानं असतील तर २४ टक्के, पानं टाकावी लागतील. मधल्या पानाचा क्रम तर १६.५ टक्के. फ्लशचा ड्रॉ असेल तर बरोबर काठावर. म्हणजे रिकाम्या हाताने २,००० लावलेत तर ते सोडून उठायची मनाची तयारी आधीच हवी, आणि ड्रॉ असेल तर आत जायचं की नाही तेही आधीच ठरलेलं हवं. समोरच्याने चिप्स पुढे ढकलल्यावर छाती धडधडत असताना हा विचार नीट होत नाही. मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आमच्या टेबलावरून लवकर उठणारी बहुतेक माणसं इथेच उठतात.

सातवी पायरी: तुमच्या चिप्सची खरी किंमत

रोख टेबलावर १,००० ची चिप १,००० चीच असते. टूर्नामेंटमध्ये तसं नसतं, आणि हे पटवायला एक उदाहरण पुरतं.

आमच्या तक्त्यात पहिल्याला ५० गुण, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. तिघं उरलेत आणि तिघांकडे सारख्याच चिप्स. प्रत्येकाची अपेक्षा १०० भागिले तीन, म्हणजे ३३.३ गुण. आता तुम्ही एकाला बाहेर काढून चिप्स दुप्पट केल्यात. पहिलं यायची शक्यता झाली दोन-तृतीयांश. ५० च्या दोन-तृतीयांशात ३० चा एक-तृतीयांश मिळवा: ४३.३ गुण. चिप्स दुप्पट, पण गुण फक्त १० ने वाढले. आणि तुम्ही हरला असतात तर ३३.३ वरून थेट २०. म्हणजे १० मिळवण्यासाठी १३.३ पणाला लावले होते. ह्यात तिसरा, जो नुसता बसून बघत होता, त्याचे गुण ३३.३ वरून ३६.७ झाले.

म्हणून गुण मिळायच्या आधीच्या टप्प्यावर, ज्याला बबल म्हणतात, रिकाम्या हाताची बेट माणूस बघून लावायची. तुमचा स्टॅक मोठा आणि समोरच्याचा मधला असेल, तर तो बाहेर पडायला घाबरतो, जास्त वेळा पानं टाकतो. तिथे लहान बेट नेहमीपेक्षाही चांगली चालते. तुमचा स्टॅक मधला आणि समोर सगळ्यात मोठा स्टॅक असेल, आणि टेबलावर कुणाकडे तरी पाचच ब्लाइंड उरलेत, तर हात आवरा. तो लहान स्टॅक बाहेर पडेपर्यंत थांबणं हीच तुमची कमाई.

गेल्या मोसमात माझी भाची चौघांत उरली होती. एकाकडे चार ब्लाइंड होते. तिने एक्का-राजा घेऊन रेझ केलं, सगळ्यात मोठ्या स्टॅकने कॉल केला, फ्लॉप अठ्ठी-सत्ती-पंजी. तिने बेट लावली, कॉल आला. टर्नला छक्की आली, तिने आणखी मोठी बेट लावली, पुन्हा कॉल. रिव्हरला उरलेल्या सगळ्या चिप्स घातल्या. त्याच्याकडे नव्वी होती, टर्नलाच क्रम झालेला. पुढच्याच डावात चार ब्लाइंडवाला बाहेर गेला आणि तिसऱ्या जागेचे २० गुण त्याला मिळाले. ती रडवेली झाली होती. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं तासभर हाच डाव पानं मांडून बघत बसलो. तिसऱ्या पायरीवर फ्लॉप त्याचा, सातव्या पायरीवर हात आवरायची वेळ. दोन्हींचं उत्तर चेक होतं.

कॉल आला तर?

लहान बेटला कॉल आला म्हणजे सगळं हुकलं असं नाही. पहिल्या डावात पॉट आता ९,९०० आहे. दोन-तृतीयांशची बेट म्हणजे ६,६००, आणि तिच्यावर समोरच्याने ४० टक्के वेळा पानं टाकायला हवीत. दोन्ही बेट मिळून ८,६०० जातात, तुमच्या उरलेल्या ३७,८०० मधून. तेव्हा दुसरी बेट सरसकट लावायची नाही. राजा-सत्ती-दुर्रीवर टर्नला एक्का आला, तर एक्का-राणीला जोडीच लागली. पण तुमचा हात गुलाम-दश्शी असता, तरी तो एक्का तुमच्याच यादीला जास्त लागतो, शिवाय राणी आली तर क्रम पूर्ण होतो, म्हणून दुसरी बेट पटते. टर्नला सत्ती किंवा छक्की आली आणि तुमचा हात होता तसाच राहिला, तर चेक करा. फ्लॉपवर एकदा प्रयत्न केला, तो विकला गेला नाही, हात सोडा. घातलेल्या २,००० च्या मागे आणखी चिप्स पाठवू नका.

चेक-रेझ आलं तर आणखी सोपं. नवशिक्यांच्या टेबलावर चेक करून मग रेझ करणाऱ्याकडे जवळजवळ नेहमीच खरा हात असतो. रिकामा हात असेल तर लगेच पानं टाका.

समोर कोण बसलंय

प्रत्येक टेबलावर एक काका असतात जे "बघूया तर खरं" म्हणत सगळ्याला कॉल करतात. त्यांच्यासमोर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा. ते चारांत एकदाही पानं टाकत नाहीत, म्हणून रिकाम्या हाताने बेटच नको. लागलं की मात्र मोठी लावा, ते देतात. उलट जो माणूस अर्धा तास पानं टाकतोय आणि आता ब्लाइंडमधून कॉल करून आलाय, तो कोरड्या फ्लॉपवर लागलं नाही की सहज सोडतो, पण एकदा कॉल केला की त्याच्याकडे काहीतरी आहे असं धरा. तीन पत्तीतून आलेले लोक पहिल्या बेटला सहसा हटत नाहीत, कारण तिथे चाल देत राहण्याची सवय असते. दोन-तीन शनिवार गेले की ते बदलतात. तेव्हा माणसाबद्दलचं मत दर मोसमात नव्याने बनवा.

घरी सराव

एक कॅट घ्या. इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी बाजूला काढून समोर ठेवा. उरलेली ५० पानं पिसून तीन उघडा. वहीत चार रकाने करा: जोडी लागली का, फ्लॉप कुणाचा, टर्नला कामाची पानं किती, आणि बेट की चेक. वीस वेळा करा, दर वेळी पानं परत मिसळून. वीसांत साधारण तेरा-चौदा वेळा जोडी लागणार नाही, तिथेच तुमचा खरा सराव. मग हात बदला: बदामचे गुलाम-दश्शी, नंतर पंजीची जोडी. जोडीला तिसरं पान फ्लॉपवर सुमारे १२ टक्के वेळाच मिळतं, त्यामुळे पंजीच्या जोडीसाठी चौथा रकाना भरणं सगळ्यात कठीण जातं, आणि सगळ्यात उपयोगी.

शक्य असेल तर समोर कुणालातरी बसवा. ते बिग ब्लाइंड, तुम्ही बटण. दर फ्लॉपला त्यांनी आपला हात न दाखवता फक्त सांगायचं: ह्या फ्लॉपवर २,००० ला मी थांबलो असतो की गेलो असतो. वीस फ्लॉप झाले की मोजा. पाचाहून जास्त वेळा गेले असतील, तर तुमची बेट फायद्यात होती. आणि ज्या फ्लॉपवर ते थांबले, त्यांच्यासमोर वहीत एक खूण करून ठेवा. पुढच्या वेळी ती पानं पुन्हा मांडून, टर्नला काय केलं असतंत ते लिहा.